गोड सोडले, तरी साखर का वाढते?

‘गोडाला हात लावत नाही, भात केव्हाच बंद केला, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी खातो, तरी पीपी दोनशेच्या खाली येत नाही,’ ही तक्रार पुण्यातल्या कोणत्याही मधुमेहतज्ज्ञाच्या दवाखान्यात ऐकू येते. पीपी म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी तपासलेली रक्तातील साखर. तक्रार करणारी व्यक्ती बहुधा पथ्य खरोखरच पाळत असते. अडचण इतकीच, की ते पथ्य ‘गोड पदार्थांनी साखर वाढते आणि भाकरीने वाढत नाही’ या समजुतीवर उभे असते.

सप्टेंबर २०२५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणातील आहारविषयक निष्कर्ष ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि या समजुतीला मोठाच धक्का बसला. भारतीय माणूस आपल्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून मिळवतो, असे त्यात आढळले. मैदा किंवा पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचे अथवा भरड धान्यांचे पीठ खाल्ले, पण कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेवढेच राहिले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. मात्र कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी-कडधान्ये किंवा दूध-दह्यातील प्रथिनांना दिला, तर तो कमी दिसतो. हे निरीक्षणावर आधारलेले संशोधन आहे, त्यामुळे त्यातून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही. तरीही याच सर्वेक्षणाने २०२३ मध्ये देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख असल्याचे दाखवले होते, हे लक्षात घेतले तर या निष्कर्षांकडे दुर्लक्ष करणे आपल्याला परवडणारे नाही.

रक्तात साखर असते तरी किती?

सर्वसाधारण प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. उपाशीपोटी साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर त्या सगळ्या रक्तातले ग्लुकोज मिळून फक्त ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा भरते. दीडशे ग्रॅम शिजवलेल्या भातात मात्र ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. एका वाटी भातातून येणारे ग्लुकोज सगळ्या रक्तात मिळून असलेल्या ग्लुकोजच्या कितीतरी पट असते, आणि ते दोन-तीन तासांत रक्तातून मार्गी लावण्याचे काम शरीर दिवसातून तीन-चार वेळा करत असते.

कर्बोदके म्हणजे ग्लुकोज आणि त्याच्यासारख्या साध्या शर्करांपासून बनलेले अन्नघटक. तांदूळ, गहू, ज्वारी, बटाटा, साबुदाणा यांतले पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या असतात. लाळेतील आणि स्वादुपिंडातील पाचकरस त्या तोडतात, आतड्यांतले पाचकरस उरलेले काम पूर्ण करतात, आणि सुटे झालेले ग्लुकोज रक्तात जाते. डब्यातल्या साखरेचा रेणू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन शर्करांच्या जोडीने बनलेला असतो आणि तोही आतड्यात तुटल्यानंतरच शोषला जातो. यातून अनेकांना चकित करणारी एक गोष्ट निघते: जितक्या वजनाच्या साखरेतून जेवढे ग्लुकोज मिळते, त्याच्या जवळजवळ दुप्पट ग्लुकोज तितक्याच वजनाच्या पिष्टातून मिळते. जिभेला गोड न लागणारा पदार्थ रक्तात गोडाइतकाच, किंबहुना अधिक, परिणाम करू शकतो तो यामुळे. फ्रुक्टोज मुख्यतः यकृताकडे जाते आणि जास्त झाले तर तिथे चरबी साठण्यास हातभार लावते, म्हणून हे वाचून कोणी साखरेला निर्दोष ठरवू नये.

कर्बोदकांचा तिसरा प्रकार म्हणजे तंतुमय पदार्थ, ज्याला आपण चोथा म्हणतो. ते आपल्या पाचकरसांनी तुटत नाहीत, त्यामुळे त्यांच्यापासून साखर वाढत नाही. उलट बाकीच्या कर्बोदकांचे शोषण ते थोडे लांबवतात.

विसर्ग किती आणि पात्र केवढे

हा सगळा व्यवहार समजण्यासाठी पुणेकरांना पावसाळ्यात रोज कानी पडणाऱ्या बातम्यांचा उपयोग होईल. बाबा भिडे पूल पाण्याखाली जाणार की नाही, हे तीन गोष्टींवर ठरते: खडकवासला धरणातून एकूण किती पाणी सोडायचे आहे, ते किती वेगाने सोडले जाते आणि मुठेचे पात्र किती पाणी वाहून नेऊ शकते. ताटातील कर्बोदकांचे एकूण वजन म्हणजे सोडायचे पाणी, ती पचून रक्तात येण्याचा वेग म्हणजे विसर्ग, आणि इन्शुलिनच्या मदतीने ग्लुकोज आत घेणारे स्नायू व यकृत म्हणजे पात्र.

निरोगी माणसाचे पात्र रुंद असते, म्हणून पोटभर जेवल्यावरही त्याची साखर थोडीशी वाढून परत खाली येते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात पात्र अरुंद झालेले असते, कारण स्नायू आणि यकृत इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत आणि स्वादुपिंडातून इन्शुलिनही उशिरा व अपुरे येते. शिवाय यकृत रात्रभर स्वतःच ग्लुकोज तयार करून रक्तात सोडत असते. त्यामुळे रात्रीपासून काही न खाताही सकाळची फास्टिंग वाढलेली दिसते आणि अनेकांची सकाळच्या नाश्त्यानंतरची वाढ दिवसातली सर्वांत मोठी असते. तेवढेच पोहे सकाळी आठला खाल्ले, तर संध्याकाळपेक्षा अधिक साखर वाढू शकते.

आहारावरच्या बहुतेक चर्चा वेगाभोवतीच, म्हणजे कोणता पदार्थ सावकाश पचतो याभोवतीच फिरतात. एकूण प्रमाण मात्र मागे पडते, आणि माझ्या मते आपल्याकडे घोटाळा होतो तो इथेच.

ग्लायसेमिक इंडेक्स काय सांगतो, काय सांगत नाही

टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ग्लायसेमिक इंडेक्स ही कल्पना मांडली. पद्धत सोपी आहे. ज्यातून ५० ग्रॅम पचण्याजोगी कर्बोदके मिळतील इतका एखादा पदार्थ उपाशीपोटी खायला द्यायचा, पुढचे दोन तास रक्तातील साखर मोजत राहायची आणि ५० ग्रॅम शुद्ध ग्लुकोजने होणाऱ्या वाढीला १०० धरून तुलना करायची. निर्देशांक ५५ किंवा त्याहून कमी आला तर कमी, ७० किंवा त्याहून जास्त आला तर जास्त, आणि मधला मध्यम. उकडलेले हरभरे तिशीच्या आसपास, सफरचंद चाळिशीच्या अलीकडे, साखर ६५ च्या जवळपास, तर पांढरा भात, पांढरा ब्रेड आणि उकडलेला बटाटा सत्तरच्या पुढे येतात. नुसत्या ब्रेडचा निर्देशांक साखरेपेक्षा जास्त का, याचे उत्तर वर आलेच आहे.

या आकड्यांतून वेग कळतो, प्रमाण कळत नाही. काही मोजण्यांत कलिंगडाचा निर्देशांक सत्तरच्या वर आला आहे, म्हणून अनेक मधुमेही उन्हाळ्यात कलिंगडाला शिवत नाहीत. पण १२० ग्रॅमच्या फोडीत कर्बोदके आठ-नऊ ग्रॅमच असतात. ही त्रुटी भरून काढण्यासाठी निर्देशांकाला प्रत्यक्ष खाल्लेल्या कर्बोदकांच्या ग्रॅमने गुणून शंभराने भागतात. त्या संख्येला ग्लायसेमिक लोड म्हणतात. दहापर्यंत तो कमी आणि वीस किंवा त्यापुढे जास्त मानतात. कलिंगडाच्या त्या फोडीचा लोड सहा-साडेसहा, तर मोठी वाटीभर भाताचा तीसच्या घरात जातो. शिवाय एकाच पदार्थाचे निर्देशांक वाण, दळण, शिजवण्याची पद्धत आणि खाणारी माणसे यांनुसार बरेच वेगळे येतात. तेव्हा ५२ आणि ५८ यांतल्या फरकावर कोणी आहार ठरवू नये.

मग भाकरीचे काय?

स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असेल, तर एकदा भाकरीसाठी घेतलेले पीठ मोजून पाहावे. परातीत मळून, हाताने थापून केलेल्या साधारण आकाराच्या एका ज्वारीच्या भाकरीला ५० ते ६० ग्रॅम पीठ लागते. एका पातळ फुलक्याला ३० ग्रॅम कणीक पुरते. दोन्ही पिठांत शंभर ग्रॅममागे कर्बोदके जवळपास सारखीच, सुमारे ७० ग्रॅम असतात. म्हणजे फुलक्यातून २० ग्रॅम, तर भाकरीतून ३५ ते ४० ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. ‘पूर्वी तीन फुलके खात होतो, आता दोन भाकऱ्या खातो’ असे समाधानाने सांगणाऱ्या माणसाने आकडा तीनवरून दोनवर आणला आहे, पण कर्बोदके ६० ग्रॅमवरून ७५ ग्रॅमवर नेली आहेत. ज्वारीमुळे विसर्गाचा वेग थोडा घटला, तरी पाणीच वाढवल्यावर पूल बुडणारच.

ज्वारी वाईट आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. तिच्यात मैद्याच्या कितीतरी पट चोथा आहे, खनिजे आहेत, ती पोटाला आधार देते आणि पालेभाजी-पिठल्याबरोबर खाल्ली तर जेवण उत्तम होते. पण धान्य बारीक दळले, की पाचकरसांना त्याच्या कणाकणापर्यंत पोहोचणे सोपे जाते. त्यामुळे अख्खे धान्य, त्याचा भरडा आणि त्याचे बारीक पीठ यांच्या पचनाचा वेग चढत जातो. गव्हाच्या दलियापेक्षा रव्याचा उपमा वेगाने पचतो, तो याच कारणाने. नाचणीचेही तसेच. भाकरीतली नाचणी आणि भिजवून, वाटून, गाळून काढलेले नाचणीचे सत्त्व यांत फार अंतर आहे, कारण सत्त्व करताना चोथा बाहेर पडतो आणि पातळ खीर पोटात थांबत नाही. ‘नाचणी शुगरवाल्यांना चांगली’ या एका वाक्यावर रोज सकाळी सत्त्वाची खीर घेणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

भाताबद्दल दोन गोष्टी. पिष्टाच्या साखळ्या दोन तऱ्हेच्या असतात: सरळ आणि फांद्या फुटलेल्या. फांद्यांच्या साखळ्या पाचकरसांना अनेक टोकांनी तोडता येतात. ज्या तांदळात त्यांचे प्रमाण जास्त असते, त्याचा भात चिकट होतो आणि साधारणतः लवकर पचतो. शिवाय कुकरमध्ये जास्त पाणी घालून केलेला आसट, चिकट भात आणि मोकळा शिजवलेला भात यांत फरक पडतो. दुसरी गोष्ट शिळ्या भाताची. शिजलेला भात थंड झाला की त्यातले काही पिष्ट पुन्हा घट्ट रचनेत बसते आणि पचायला जड जाते, हे खरे आहे. भात पुन्हा गरम केला तरी हा परिणाम काही अंशी टिकतो. पण तो लहान आहे. त्याच्या भरवशावर फोडणीचा भात ताटभर घेतला, तर हाती काहीच लागत नाही.

उपवासाच्या दिवशी साखर जास्त कशी?

साबुदाणा टॅपिओकाच्या कंदातून काढलेल्या पिष्टाचा बनतो. तमिळनाडूतील सेलम भाग त्यासाठी प्रसिद्ध आहे. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात आणि प्रथिने व चोथा नावालाच असतात. आता पुण्यात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या उपवासाच्या मिसळीची बशी जवळून पाहावी. तळाशी साबुदाण्याची खिचडी, तिच्यात बटाट्याच्या फोडी, वरून बटाट्याचा तळलेला चिवडा, बटाट्याची भाजी आणि सगळ्यावर दाण्याची आमटी. या बशीत साखरेची वाढ थोडीफार आवरून धरणारा घटक एकच, तो म्हणजे शेंगदाणा. बाकी जवळजवळ सगळे पिष्ट आहे. उपवास केला म्हणून साखर कमी असेल, अशी अपेक्षा ठेवून संध्याकाळी तपासणाऱ्याला मोठा आकडा दिसतो तो यामुळे.

उपवास ही श्रद्धेची गोष्ट आहे आणि ‘सोडून द्या’ असे म्हणून प्रश्न सुटत नाही. खिचडीची वाटी अर्धी करून तिच्यात दाण्याचे कूट सढळ हाताने घालणे, बटाट्याऐवजी काकडीची दह्यातली कोशिंबीर घेणे, राजगिऱ्याच्या पिठाची थालीपिठे लावणे, ताक पिणे, हे सर्व उपवासाच्या नियमांत बसते. वरीचे तांदूळ साबुदाण्यापेक्षा बरे खरे, पण तेही धान्यच आहे आणि वाटी तिथेही मोजावीच लागते.

ताटात शेजारी काय आहे, हेही महत्त्वाचे

न्यूयॉर्कमधील वैद्यकीय संशोधकांनी २०१५ मध्ये मधुमेही व्यक्तींवर केलेला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. तेच जेवण, तेवढेच प्रमाण. एका दिवशी कर्बोदके आधी आणि भाज्या-प्रथिने नंतर, दुसऱ्या दिवशी याच्या उलट. भाज्या आणि प्रथिने आधी खाल्ल्यावर तासाभराने मोजलेली साखर एक तृतीयांशाहून अधिक कमी भरली. मोजकीच माणसे असलेला हा प्रयोग होता, पण त्यामागचे शास्त्र सरळ आहे. प्रथिने आणि चोथा आधी पोटात गेले, की जठर सावकाश रिकामे होते आणि विसर्ग मंदावतो. आपल्या ताटात डावीकडे कोशिंबीर, उजवीकडे भाजी-उसळ असतेच. कोशिंबीर आणि मटकीची उसळ आधी संपवून मग पोळी-भाताकडे वळणे, एवढाच बदल करायचा आहे, आणि त्याला खर्च काही नाही. उसळ मात्र खरोखर वाटीभर हवी. तर्रीत तरंगणारी दहा-बारा कडधान्ये उपयोगाची नाहीत.

तेलातुपानेही जठर सावकाश रिकामे होते, आणि इथे एक फसगत होते. वडापाव किंवा पुरी-भाजी खाल्ल्यावर दोन तासांनी तपासलेली साखर कधी कधी आटोक्यात दिसते, पण ती चौथ्या-पाचव्या तासापर्यंत चढी राहते. दोन तासांचा एक आकडा पाहून ‘वडापाव मला चालतो’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने पात्रच रुंद होते, कारण काम करणारे स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही ग्लुकोज ओढून घेतात.

‘आमचे आजोबा चार भाकऱ्या खात होते’

हा आक्षेप योग्य आहे आणि त्याच्या उत्तराचा काही भाग पुण्यातच सापडला आहे. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचा उंचीशी वजनाचे प्रमाण सांगणारा बीएमआय २२.३, म्हणजे अगदी सारखा. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत चाललेल्या याज्ञिक यांच्या अभ्यासात असेही दिसले, की इथली नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असतात, पण त्यांच्यात घट होते ती प्रामुख्याने स्नायूंची. चरबी त्यामानाने टिकून राहते. जेवणानंतरचे ग्लुकोज साठवण्याची मोठी जागा स्नायूच आहेत. आजोबा दिवसभर नांगर धरत किंवा मैलोगणती चालत, म्हणून त्यांचे स्नायू ते ग्लुकोज वापरून टाकत. तीच चार भाकऱ्यांची सवय घेऊन आपण हिंजवडीत आठ-दहा तास खुर्चीवर बसतो.

गूळ, आंबा आणि ‘शुगर फ्री’

गुळात थोडी खनिजे असली, तरी तो मुख्यतः साखरच आहे आणि रक्तात तसाच वागतो. मधाची गोष्ट फार वेगळी नाही. अमृततुल्यात दिवसातून चार वेळा चहा घेणाऱ्याने चहातली साखर आधी पाहावी, कारण द्रवरूप साखरेइतकी वेगाने दुसरी कोणतीच साखर रक्तात पोहोचत नाही. आंब्याच्या शंभर ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम कर्बोदके असतात. साखर आटोक्यात असलेल्याने जेवणातली एक पोळी कमी करून अर्धा आंबा चिरून खाल्ला, तर बहुधा चालते. वाटीभर आमरस आणि पुऱ्या यांचा हिशेब निराळा आहे. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटाचा पुडा उलटून मागच्या तक्त्यात ‘एकूण कर्बोदके’ ही ओळ वाचावी. तिथे शंभर ग्रॅममागे ६५ ते ७५ ग्रॅम असा आकडा दिसतो, कारण साखर काढली तरी मैदा राहतोच.

एकाला चालते ते दुसऱ्याला का चालत नाही?

इस्रायलमधील वाइझमन संस्थेने २०१५ मध्ये ८०० जणांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले, की तोच पदार्थ तितकाच खाऊनही प्रत्येकाची साखर वेगवेगळी वाढते. म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवापेक्षा स्वतःच्या ग्लुकोमीटरवर भरवसा ठेवावा. ज्या पदार्थाबद्दल शंका आहे, तो मोजून खावा, खाण्याआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर तपासावी, आणि दोन्हींतला फरक वहीत लिहावा. पुढच्या वेळी तोच पदार्थ अर्धा घेऊन, सोबत उसळ वाढवून पुन्हा तपासावे. अशा काही जोड्यांतून आपल्या शरीराबद्दल जे कळते, ते कोणत्याही तयार तक्त्यातून कळत नाही.

मग कर्बोदके बंदच केली तर?

कमी करणे बहुतेकांच्या हिताचे आहे, पण औषधे चालू असताना ती एकदम तोडणे धोक्याचे ठरू शकते. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने डोस तोच ठेवून भाकरी-भात सोडला, तर साखर सत्तरच्या खाली जाऊन घाम, थरथर, गोंधळलेपणा आणि बेशुद्धीही येऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांसोबत कर्बोदके जवळजवळ शून्यावर आणली, तर रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर धोका असतो, आणि तोही साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसताना. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने किती वाढवायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. त्यामुळे ताट बदलण्याआधी औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवून डोसबद्दल बोलून घ्यावे.

त्याच भेटीत आपल्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे का, हेही विचारून घ्यावे. ही औषधे आतड्यात पिष्ट आणि साखर तुटण्याची क्रिया मंदावतात. अशी गोळी चालू असताना साखर अचानक उतरली, तर चमचाभर साखर किंवा पेढा तोंडात टाकून लवकर उपयोग होत नाही, कारण तो रेणू आतड्यात वेळेवर तुटतच नाही. अशा वेळी औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजचीच पूड, साधारण १५ ग्रॅम, पाण्यात घालून द्यावी लागते आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी लागते. ती पुडी घरात कुठे ठेवली आहे, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावे.